नुसता मालक

आता हे कुठून सुरू करू? तुम्ही आधी चहा घ्या. कारण मी एकदा सुरू झालो की आवाज चढतो, आणि मग आमच्या वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये शेजारची आंटी दार किलकिलं करून बघते. तिला वाटतं घरात भांडण चाललंय. भांडण कसलं? मी एकटाच बोलत असतो!

तर ऐका. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. पण तोच धोंडा सरकारदरबारी अर्ज करून, पाठपुरावा करून, 'अजून कसा पडला नाही?' असा जाब विचारून मागवलेला पाहिलाय कधी? तो मी. मकरंद. मूळचा सदाशिव पेठेतला, आता सिंगापूरचा पी.आर., म्हणजे कायम रहिवासी, आणि त्या दिवसापर्यंत एक निष्कलंक वाहनचालक.

निष्कलंक हा शब्द मी उगीच वापरत नाही. इथं काही वर्षं एकही गुन्हा न करता गाडी चालवली की वाहतूक पोलिसांकडून मेरिट सर्टिफिकेट मिळतं. ते दाखवलं की इन्शुरन्सवाले नूतनीकरणाच्या वेळी आणखी थोडी सूट देतात. थोडीच हं, फार नाही. पण मेरिट! आमच्या अख्ख्या खानदानात मेरिटमध्ये कोणी आलं नव्हतं, दहावीला नाही, बारावीला नाही. मी ते सर्टिफिकेट छापलं, फ्रेम केलं आणि हॉलमध्ये आमच्या सानिकाच्या स्विमिंगच्या पदकांच्या बरोब्बर वर लावलं.

सानिका अकरा वर्षांची. ती म्हणाली, "बाबा, नोबडी फ्रेम्स धिस, लाह." इथं प्रत्येक वाक्याला हे 'लाह'चं शेपूट लावतातच.

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. ते पुढं फार महागात पडलं.

आता मुख्य मुद्दा. मृणालला, म्हणजे माझ्या बायकोला, तुआसला एका औषध कंपनीत नोकरी लागली होती. वुडलँड्स कुठं, तुआस कुठं! दोन गाड्या बदला, वर बस, आणि पहाटेची शिफ्ट. मी मात्र आंग मो किओच्या ऑफिसला गाडीनं जाणार, जिथं आमच्या घरापासून एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, एका दमात नेऊन सोडते. मृणालनं पुण्याच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं गाडी हाणलेली, इथलं लायसन्सही रीतसर बदलून घेतलेलं. तिचं म्हणणं एवढंच होतं, की येत्या नूतनीकरणाला पॉलिसीत माझं नाव चालक म्हणून घाल, मी गाडी नेत जाईन.

आणि मी म्हणालो, नाही!

का? तर इथं लायसन्स नवं असलं की कंपनी माणसाला नवखा समजते. म्हणजे गाडी कुठं ठोकलीच, तर आपल्या खिशातून आधी भरायचा वाटा वाढतो. त्याला एक्सेस म्हणतात. आमचे इन्शुरन्स एजंट नाडकर्णी, मंडळाच्या गणपतीत प्रसादाची रांग लावणारे तेच, त्यांनी मला शांतपणे सांगितलं होतं, "मकरंदराव, वहिनींच्या इथल्या लायसन्सला दोन वर्षं या नूतनीकरणाच्या आत पूर्ण होतात. एक्सेस वाढणार नाही."

नाडकर्णी सगळं शांतपणेच सांगतात. त्या शांतपणाचाही मला राग येतो.

"तसं नाही नाडकर्णी," मी म्हणालो, "रेकॉर्ड लागतं रेकॉर्ड! उद्या हिनं कुठं दंड खाल्ला तर? एकाच्या रेकॉर्डपायी सगळ्या घरानं का भोगायचं?"

हे वाक्य मी मृणालच्या देखत बोललो. ती चहाचे कप उचलून आत गेली आणि नळ जरा जास्तच जोरात सोडला.

बरं. पुढच्याच आठवड्यात नोटीस आली.

कोणाला? मला! मेरिटवाल्याला! अमुक रस्त्यावर, अमुक वेळी, आपली गाडी वेगमर्यादेपेक्षा जास्त वेगानं जाताना कॅमेऱ्यात सापडली आहे, तरी दंड भरावा आणि लायसन्सवर गुन्ह्याचे पॉइंट जमा होतील याची नोंद घ्यावी. तळपायाची आग मस्तकात गेली हो! सत्तरच्या रस्त्यावर थोडा पुढं गेला असेल काटा. रविवारची संध्याकाळ होती, आम्ही ईस्ट कोस्टला चाललो होतो, आणि तिथल्या हॉकर सेंटरला, म्हणजे खाऊगल्लीला, उशीर झाला की टेबल मिळत नाही. प्रत्येक टेबलावर कोणीतरी टिश्यूचं पाकीट ठेवून ते अडवून ठेवलेलं. माणूस घाई करणार की नाही? सांगा ना! साते, म्हणजे काडीवरचे कबाब, खायला जाणाऱ्या बापाला गुन्हेगार ठरवायचं?

मृणालनं नोटीस वाचली. "भरून टाक आणि विसर."

"विसर? अगं, मेरिट जाईल माझं!"

"जाऊ दे. नो-क्लेमची मोठी सूट तर राहते ना?"

"राहते! ती अपघाताचा क्लेम केला तरच घटते. दंडाचा तिच्याशी संबंध नाही. पण निर्दोष चालकाची सूट जाते! आणि इन्शुरन्सचा फॉर्म भरताना ते विचारतात, गेल्या काही वर्षांत वाहतुकीचा गुन्हा केला आहे का? तिथं मी काय लिहू? हो?"

"हो."

बघा! बायको म्हणते हो लिही. इतक्या सहज!

खरं सांगायचं तर मला पैशांची फिकीर नव्हती. ज्या रेकॉर्डच्या जोरावर मी मृणालला गाडी नाकारली होती, त्यालाच तडा गेला होता. आणि हे तिला माझ्याआधी कळलं होतं. म्हणून मला काहीही करून तो डाग पुसायचा होता.

त्याच रात्री लेस्टरहून चुलतभावाचा, मिलिंदचा फोन. इंग्लंडात राहून राहून तो प्रत्येक गोष्टीवर तज्ज्ञ झालाय. मी रडगाणं गायलं, तर तो हसायलाच लागला.

"अरे वेड्या, एवढं काय? कोर्स घे की!"

"कसला कोर्स?"

"आमच्याकडं थोडासा वेग जास्त झाला की सांगतात, एक कोर्स करा. चार तास बसायचं, मान हलवायची, की पॉइंट नाहीत! पॉइंट नाहीत म्हणजे लायसन्स कोरं. इन्शुरन्सवाल्यानं स्पष्ट विचारलं तरच सांगायचं. मी करून आलोय. चहा-बिस्किटं पण मिळाली."

मला सांगा, सख्ख्या चुलतभावानं दिलेला सल्ला कोण तपासून घेतं? चहा-बिस्किटांसकट अनुभव सांगत होता माणूस! मी इंटरनेटवर शोधलं. आमच्याकडंही निघाला कोर्स! सेफ ड्रायव्हिंग कोर्स. तो केला की काही पॉइंट कमी होतात, असंही लिहिलं होतं. पुढचं मी वाचलं नाही. वाचायला हवं होतं हे मला आता समजतंय, तुम्ही सांगायची गरज नाही.

इथं सगळं ऑनलाइन होतं. पण ऑनलाइन काय भांडता येतं? तिथं आवाज चढवून उपयोग नाही. म्हणून मी अर्धा दिवस रजा टाकून प्रत्यक्ष काउंटरवर गेलो. समोर एक तरुण सार्जंट. इस्त्रीचा गणवेश, चेहऱ्यावर कमालीची नम्रता.

मी सांगितलं, "आय वॉन्ट टु जॉइन द सेफ ड्रायव्हिंग कोर्स."

त्यानं माझा नंबर घातला, स्क्रीनकडं पाहिलं. "सर, यू कॅनॉट."

"व्हाय कॅनॉट?"

"यॉर पॉइंट्स नॉट एनफ, सर."

"हाऊ मच इज एनफ?"

"फॉर धिस कोर्स, मस्ट हॅव अ‍ॅट लीस्ट हाफ द पॉइंट्स, सर." म्हणजे लायसन्स निलंबित व्हायला जितके पॉइंट लागतात, त्याच्या निम्मे. "यू ओन्ली हॅव लिटल बिट. नॉट एलिजिबल, लाह."

म्हणजे काय, लक्षात आलं ना? इंग्लंडात छोट्या चुकीला कोर्स देतात आणि पॉइंट चुकवतात. आमच्याकडं उलट! इथं आधी भरपूर गुन्हे करा, अर्धा घडा भरा, मग तुम्हाला वर्गात बोलावणार! हे मिलिंदनं सांगायला नको? लेस्टरमध्ये बसून सिंगापूरचे कायदे सांगतो, आणि वर बिस्किटं खातो!

पण खरी गंमत काय सांगू? त्या क्षणी मला कायद्याचा राग नाही आला. मला राग आला 'नॉट एलिजिबल'चा. पात्र नाही? मी? अहो, आमच्या घरात लहानपणापासून एकच भीती घातलेली, अ‍ॅडमिशन मिळणार नाही! कॉलेजच्या याद्यांपुढं ताटकळत उभं राहिलेला माणूस मी. आणि या वयात, एवढं पोस्टग्रॅज्युएशन करून, एका ड्रायव्हिंगच्या क्लासला मला प्रवेश नाही?

"लुक," मी आवाज चढवला, "आय अ‍ॅम ए सीरियस स्टुडंट! आय विल अटेंड फुल कोर्स! आय विल पे!"

"सर," तो म्हणाला, "इज गुड थिंग यू नॉट एलिजिबल."

रांगेतले लोक हसले. मागून कोणीतरी म्हणालं, "अंकल, वेट लाह, स्लोली यू कॅन मेक इट." मी ताडताड पाय आपटत बाहेर पडलो.

घरी आल्यावर मृणाल म्हणाली, "झालं ना? आता दंड भर."

"दंड? आता तर मुळीच नाही! आता अपील!"

आमचे वडील पाण्याचा दाब कमी झाला की महापालिकेला पत्र लिहीत. तीन पानी. मुद्देसूद. पाण्याचा दाब कधी वाढला नाही, पण पत्रं काय असत, महाराजा! तेच रक्त माझ्या अंगात. मी लॅपटॉप घेऊन बसलो आणि असं अपील लिहिलं, असं लिहिलं, की वकिलानं शिकवणी लावावी. इंग्रजीत होतं, पण मांडणी अस्सल आपली. ज्याअर्थी मी गेली दोन वर्षं दर रविवारी याच रस्त्यानं जातो. आणि ज्याअर्थी मी दर वेळी साधारण याच वेगानं जातो. आणि ज्याअर्थी आजवर एकदाही आपल्या कॅमेऱ्यानं मला पकडलेलं नाही. त्याअर्थी दोष माझ्या वेगात नसून आपल्या कॅमेऱ्यात आहे, हे उघड आहे.

हसताय काय? मला त्या वेळी ते उघडच वाटत होतं! मी तो परिच्छेद दोनदा वाचला आणि स्वतःवर खूश झालो.

पण नुसतं लिहून भागत नाही, पुरावा हवा. माझ्या गाडीत पुढच्या काचेला डॅशकॅम आहे, रस्ता टिपणारा छोटा कॅमेरा. अपघात झाला तर इन्शुरन्सला उपयोगी पडतो म्हणून नाडकर्णींनीच बसवायला लावलेला. मी म्हटलं, आता हाच यांना दाखवतो मी किती जबाबदारीनं गाडी चालवतो ते! त्या रविवारचं आणि मागच्या दोन-तीन रविवारांचं चित्रीकरण काढलं, ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत भराभर पुढं ढकलत बघितलं, आवाज बंद करून, कारण हेडफोन घरी राहिले होते. छान दिसत होतं सगळं. निळं आकाश, रस्त्याकडेचे रेन ट्री, अधूनमधून समुद्र. पर्यटन खात्यानं दाखवावं इतकं सुंदर!

पाठवायच्या आदल्या दिवशी मृणाल म्हणाली, "एकदा नीट ऐकून बघितलंस का?"

"ऐकायचं काय त्यात? रस्ता बघायचा असतो!"

"मकरंद, एकदा ऐक."

"तुला माझ्यावर विश्वासच नाही!" मी म्हणालो आणि रागाच्या भरात तिच्यासमोरच पाठवायचं बटण दाबलं.

थोड्याच दिवसांत बोलावणं आलं. मुलाखतीसाठी या. मला वाटलं, जिंकलो! आता साहेब दिलगिरी व्यक्त करणार. मी दिवाळीचा शर्ट काढला. मृणाललाही म्हटलं, तूही चल. मला वाटत होतं तिनं ती दिलगिरी तिच्या कानांनी ऐकावी. तिनंही रजा घेतली आणि आली. आता कळतंय का आली ते!

छोटी खोली. समोर तोच सार्जंट! त्यानं मला ओळखलं आणि अगदी मनापासून हसला.

"सर, फर्स्ट, थँक यू फॉर यॉर लेटर. व्हेरी क्लिअर. यू से एव्हरी संडे यू गो सेम स्पीड."

"एक्झॅक्टली!" मी टेबलावर हात आपटला.

त्यानं ते लिहून घेतलं. तेव्हाच मला पहिली शंका आली. उशिरा आली, पण आली.

मग त्यानं व्हिडिओ लावला. आवाजासकट.

काय सांगू तुम्हाला! पडद्यावर निळं आकाश, रेन ट्री, आणि मागून आमच्या सानिकाचा खणखणीत आवाज. "बाबा, सेव्हन्टी ओन्ली, लाह! यू आर स्पीडिंग, लाह!"

आणि त्यावर माझा आवाज. मी चिडलो की माझी इंग्रजी उसळी मारून बाहेर येते, हे तुम्ही जाणता. त्या कन्येला मी मराठीत गप्प बसवू शकलो नसतो का? पण नाही! मी अख्ख्या सिंगापूरला समजेल अशा इंग्रजीत गर्जलो होतो, "देअर इज नो कॅमेरा हिअर! आय नो धिस रोड!"

सार्जंटनं व्हिडिओ थांबवला. माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं.

"सर, देअर इज कॅमेरा," तो हळुवारपणे म्हणाला.

मग दुसरा रविवार. पुढं एक एल-प्लेटवाली गाडी, शिकाऊ, सरपटत चाललेली. मी तिला ओलांडून जाताना पडद्यावर रस्त्यामधली दुहेरी पांढरी रेघ गाडीखालून छान स्पष्ट दिसत होती. तिसऱ्या रविवारी झेब्रा क्रॉसिंग. एक आंटी भाजीची ट्रॉली घेऊन पाऊल टाकते, आणि गाडी थांबत नाही. आंटीच थांबते, आणि वळून बघते. कॅमेऱ्यात तिचं तोंड दिसलं. ते तोंड मी अजून विसरलेलो नाही. तिथं मात्र मला खरोखर लाज वाटली. मागून सानिका म्हणत होती, "बाबा! आंटी, लाह!"

आणि या सगळ्याच्या खाली, प्रत्येक रविवारी, प्रत्येक वळणावर, मृणालचा आवाज. एकच शब्द.

सार्जंटनं वहीत बघितलं. "सर, वन मोअर थिंग. धिस वर्ड, 'हळू'. यॉर वाइफ से व्हेरी मेनी टाइम्स. व्हॉट इज द मीनिंग?"

मी घसा खाकरला. म्हटलं काहीतरी सांगावं, घरगुती लाडाचा शब्द आहे वगैरे. पण शेजारी मृणाल बसलेली. तिनं अगदी विनयानं उत्तर दिलं.

"स्लोली."

"आह," सार्जंट म्हणाला आणि तेही लिहून घेतलं.

अपील फेटाळलं. पहिल्या वेगाचे पॉइंट होतेच. त्यात दुहेरी रेघेचे पडले, झेब्रा क्रॉसिंगचे पडले. कॅमेऱ्यानं पकडलेला एक गुन्हा होता, बाकीचे मी स्वतःच्या हातानं, सुबक फाइली करून, मुखपृष्ठासह सादर केले होते. आणि फेटाळल्याच्या पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, की आपले पॉइंट आता निम्म्याच्या वर गेल्यामुळे आपण सेफ ड्रायव्हिंग कोर्ससाठी पात्र आहात.

पात्र! मिळाली अ‍ॅडमिशन!

मी मिलिंदला फोन करून लेस्टरपर्यंत ऐकू जाईल असा ओरडलो. तो म्हणाला, "पण कोर्स मिळाला ना शेवटी?" मी फोन ठेवला. महिनाभर बोललो नाही त्याच्याशी.

कोर्स केला. पहिल्या बाकावर बसलो. शिकवणाऱ्याला प्रश्न विचारले, एकदा त्याची आकृती चुकली ती दुरुस्त करून दिली. शेवटच्या परीक्षेत पैकीच्या पैकी. चहा-बिस्किटं मिळाली नाहीत, हे मिलिंदला कळवा. थोडे पॉइंट कमी झाले खरे. पण मेरिट सर्टिफिकेट गेलं ते गेलं. कोर्स केला म्हणून गुन्हा केलाच नव्हता असं काही होत नाही. हे नाडकर्णींनी मला समजावलं, अर्थातच शांतपणे.

ते नूतनीकरणासाठी घरी आले होते. रविवारची सकाळ, मृणालनं पोहे केलेले. नाडकर्णींनी पोह्यांवर लिंबू पिळलं, लॅपटॉप उघडला.

"मकरंदराव, गुन्ह्यांची माहिती द्यावी लागेल. लपवली तर क्लेमच्या वेळी कंपनी हात वर करेल."

"द्या! मी काय चोर आहे?"

"नाही, नाही. पण तुम्ही मुख्य चालक राहिलात तर निर्दोष चालकाची सूट नाही, आणि कंपनी वर जास्तीचं मागतेय. एक्सेसही वाढवलाय. वहिनींना मुख्य चालक केलं तर मात्र चांगला दर येतो. त्यांची दोन वर्षं झाली, एकही नोंद नाही."

"मग करा की तिला मुख्य," मी म्हणालो, "आणि मला घाला खाली. दुसरा चालक म्हणून."

नाडकर्णींनी घसा साफ केला. "ते घातलं तरी दर वाढतोच आहे, मकरंदराव. तुमच्या नावामुळं."

मृणालनं खोबरं भुरभुरवलं. मग तिनं विचारलं, अगदी साधेपणानं, टोमणा नव्हता हो त्यात, "काय करायचं? एकाच्या रेकॉर्डपायी..."

तिनं वाक्य पुरंही केलं नाही. पण मला मिरच्या झोंबल्या! माझंच वाक्य! माझ्याच घरात! माझ्याच पोह्यांवर!

"काढून टाका माझं नाव!" मी उभा राहिलो. "नको मला! अजिबात नको! मला काय एमआरटी नाही? आंग मो किओला दारात सोडते! चालवा तुम्हीच गाडी!"

आता तुम्ही आपली माणसं आहात, तुम्हाला सांगायला नको. आपल्याकडं माणूस 'नको' म्हणाला की समोरच्यानं काय करायचं असतं? आग्रह! 'अहो असं काय करताय, बसा, राहू दे की नाव' असं म्हणायचं असतं. दोनदा, तीनदा. मग आपण कुरकुरत, नाइलाजानं, 'बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर' असं म्हणायचं. पंगतीत जिलबी अशीच वाढतात, आणि मला वाटलं पॉलिसीही अशीच होते. मी पाठ फिरवून खिडकीपाशी उभा राहिलो आणि आग्रहाची वाट बघू लागलो.

मागून नाडकर्णींचा आवाज आला. "बरं. मग इथं विचारलंय, मालक स्वतः गाडी चालवणार का? तर 'नाही' करतो."

टक्. बटण दाबलं!

"अहो, नाडकर्णी!" मी गर्रकन वळलो. "काय केलंत?"

"तुम्हीच म्हणालात ना, अजिबात नको."

"अहो पण विचारायचं पुन्हा!"

"एकदा सांगितलंत की," नाडकर्णी पोह्यांचा घास घेत म्हणाले, शांतपणे! "मालक तुम्हीच आहात, मकरंदराव. गाडी तुमच्याच नावावर. फक्त चालवायची नाही."

म्हणजे बघा. या देशात एवढ्या खटपटीनं गाडी घेतली, तिचा हप्ता मी भरतो, पार्किंग मी भरतो, पेट्रोल माझ्या कार्डावर, आणि मी कोण? नुसता मालक! हॉलमधली ती फ्रेम मी त्याच संध्याकाळी उतरवायला गेलो, तर त्यातलं मेरिट गायब. आत सानिकानं माझं कोर्सचं सर्टिफिकेट घालून ठेवलं होतं.

मृणाल आता आरामात गाडीनं तुआसला जाते. मी एमआरटीत उभा राहून आंग मो किओला जातो. तिच्या चेहऱ्यावर थकवा नसतो हल्ली, हे मला दिसतं, आणि हे आधीच व्हायला हवं होतं हेही कळतं. पण मोठ्यानं बोलत नाही.

गेल्या रविवारी ईस्ट कोस्टला निघालो. मृणाल चालवत होती, मी शेजारी, सानिका मागं. उशीर झाला होता, टेबल मिळणार नव्हतं, आणि ही बाई सत्तरच्या रस्त्यावर अडुसष्टनं चाललेली! मागचे सगळे पुढं जातायत! माझा उजवा पाय पायपुसण्यावर आपोआप दाबला जात होता. शेवटी राहवेना. मी खोल श्वास घेतला, तोंड उघडलं, "अगं मृणाल, जरा—"

मागून सानिकानं हात पुढं करून काचेवरच्या कॅमेऱ्याकडं बोट दाखवलं.

"बाबा," ती म्हणाली, "रेकॉर्डिंग, लाह."

मी तोंड मिटलं.